गेल्या वर्षीचं तेल

तळं गोठायला आठवडा उरलेला. इर्याच्या मोटरदुरुस्तीच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे म्हातारे ताइस्तो, हातगाडीवर होडीची मोटर घेऊन.

"इर्या, हिवाळ्यासाठी ठेवायचीय. तेल बदल."

"बघू... काका, हे तर मधासारखं स्वच्छ आहे! गेल्या वर्षी मीच घातलेलं. यंदा होडी पाण्यात उतरवलीच नाहीत?"

"कुठली? हेल्वीला अंथरुणातून उठवत नाही."

"मग हा उपद्व्याप कशाला?"

"तिला वाटतं, आम्ही उन्हाळाभर बेटावर होतो. रोज विचारते, मोटर नीट ठेवलीत ना?"

"काकूंना म्हणायचं, ठेवली."

"म्हटलं ना. तर माझे हात हुंगते."

इर्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. या इकडे, तेल तुम्हीच काढा. आणि काका, हात पुसू नका."