सुप्यातलं गाळलेलं घर

(रामनगरातल्या शाळेचा हॉल. खिडक्यांना काळं कापड. वरच्या प्रोजेक्टरनं जमिनीवर बुडालेल्या सुपा गावाचा नकाशा उजेडात उमटवला आहे.)

कृष्णा : पाय आपटून आपटून टाच दुखाया लागली माझी. उजेड कुठं हाय? सांग की!

प्रियांका : मामा, तो ढोल आधी बाजूला ठेवा. सेन्सरवर आदळेल.

कृष्णा : आदळू दे! सगळ्या गड्यांम्होरं हसं झालं माझं. तुझ्या बापाच्या, परशूच्या अंगणात पाय ठेवला, घर लखकन पेटलं. देसायाच्या दारात गेलो, पेटलं. आनि माझ्या जाग्यावर नाचतोय तर खाली नुस्ता काळोख.

प्रियांका : सेन्सर चुकला असेल. बघते मी.

विमल : सेन्सरवर ढकलू नको गे. खाली बघून बोलायलीस, तवाच कळलं मला.

प्रियांका : आत्या, तू तरी नवऱ्याला समजाव. संध्याकाळी कार्यक्रम आहे. बंगळूरहून माणसं निघालीत, अख्खं रामनगर येणार आहे.

विमल : अख्खं रामनगर म्हंजी अर्धं सुपाच की. धरणाचं पानी चढलं तवा सगळ्यांस्नी हितंच आणून टाकलं. त्यांच्या डोळ्यांदेखत खेळ आमचं दार सोडून फुडं जानार?

कृष्णा : शिमग्याचा खेळ दार कवा सोडतो, ठाव हाय का तुला? नाच बसवतीस न्हवं?

प्रियांका : सुतक असलं की.

कृष्णा : न्हाईतर वाळीत टाकलं असलं की. माझ्या घरात कोन मेलं, सांग.

प्रियांका : मामा, हा तुमचा खेळ नाही. खेळावरून मी बसवलेला नाच आहे. पाय पडेल तिथं घर उजळतं, आणि शेवटी निळा रंग चढत चढत एकेक घर गिळतो. लोकांना ते पाणी दिसलं पाहिजे. एखादं घर कमी असलं तर—

कृष्णा : गिळायला आधी घर दिसाय नको? माझं तर कोरडंच गेलं की गे!

विमल : खरं बोल, प्रियांका.

प्रियांका : बरं, ऐका मग. सेन्सर चुकलेला नाही. नकाशातच तुमचं घर नाही. झालं समाधान?

विमल : नकाशा कुनी काढला?

प्रियांका : आप्पांनी. मी जन्मलेही नव्हते तेव्हा, बुडालेलं गाव मी कुठून आणणार? त्यांच्याजवळ बसले. ते बोट फिरवत घरं दाखवत गेले, मी लॅपटॉपवर मांडत गेले.

विमल : आनि आत्याचं घर कुठं, असं इचारलं न्हाईस?

प्रियांका : विचारलं.

विमल : मग?

प्रियांका : म्हणाले, पुढं चल.

कृष्णा : ऐकलंस? फुडं चल!

विमल : आनि तू गेलीस फुडं.

प्रियांका : मग काय करायला हवं होतं? तू तुझ्या मनानं लग्न केलंस. तुझ्या दारात पाय ठेवणार नाही म्हणून आप्पांनी शपथ घेतली. भांडण तुमचं, त्यात मला का ओढता? मला माझं काम होतं.

विमल : त्यानं निदान तोंडावर शपथ घेतली. तू काय केलंस? मामा मामा करत आलीस, पाया पडलीस, खेळाचा म्होरक्या तुम्हीच म्हनलीस. आमच्या घरचा ढोल घेतलास आनि आमचंच घर पुसलंस. तुझ्यापरीस तुझा बाप बरा.

प्रियांका : असं बोलू नकोस हं, आत्या.

विमल : बोलनार. तुझ्यासारखी शिकलेली असते तर आनखी बोलले असते.

प्रियांका : अगं, आत्ता घालते ना घर! एक चौकोन टाकायचा, रंग भरायचा. कुठं होतं तेवढं सांग.

कृष्णा : न्हाई सांगनार. भीक घालतीस काय? चला रे, ढोल गुंडाळा. कार्यक्रम न्हाई.

प्रियांका : मामा! तुमच्याशिवाय काय दाखवू मी? नुसता उजेड? माझं सगळं बुडेल.

कृष्णा : बुडू दे. आमचं बुडालं तवा कोन रडलं?

विमल : थांबा वो जरा. फोन लाव तुझ्या बापाला.

प्रियांका : ते बेळगावात दवाखान्यात आहेत. परवा गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

विमल : गुडघा कापला, जीभ न्हाई कापली. त्यानं गाळलं, त्यानंच सांगायचं. न्हाईतर आमची मानसं चालली घरला.

प्रियांका : ...हॅलो, आप्पा? हो, रिहर्सलच चाललीय. आप्पा, आत्याचं घर नेमकं कुठं होतं?... नाही, आता पुढं चल म्हणू नका, खेळ अडलाय... हो, इथंच उभी आहे ती... हो... सांगा, ऐकतेय... बरं. ठेवते.

कृष्णा : काय म्हनला? शिव्या घातल्या असतील.

प्रियांका : नाही. म्हणाले, वडाच्या पारापासून नदीकडं उतरताना डाव्या हाताला. ओटा उंच, कौलं नवी. ओट्याशेजारी रातांब्याचं रोप, गुरं खाऊ नयेत म्हणून त्याला करवंदीच्या काट्यांचं कुंपण. कुंपण एका बाजूनं कलंडलेलं.

कृष्णा : बरोबर हाय. हितंच नाचत हुतो की मी!

प्रियांका : आत्या? काही चुकलं का?

विमल : रोप म्या लावलं हुतं. लग्न झाल्यावर.

प्रियांका : मग काढू ना तसंच?

विमल : दादा तर आमच्या दारात कधी आलाच न्हाई. त्यानं कुंपण कवा बघितलं?