बासिलियाबाईंनी रोखलेली गाठोडी

मी, हिलारियोन चोकेकाल्याता, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, या इस्पितळाचा निवृत्त बॉयलरचालक व वस्ती समितीचा माजी अध्यक्ष, सन्माननीय संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि सभागृहातील बंधुभगिनींनो, आपणांसमोर पूर्ण शुद्धीत निवेदन करतो, की आज निरोप घेणाऱ्या निर्जंतुकीकरण कक्षाच्या प्रमुख बासिलियाबाई कोंदोरी यांच्याशी मी एकदा कडाडून भांडलो आणि हरलो. त्या पराभवाबद्दल मी आजही समाधानी आहे.

दिवस कार्निव्हलच्या मंगळवारचा होता. त्या दिवशी आपल्या गावात घर, दुकान, मोटार, साऱ्यांवर दारू शिंपडून पूजा होते, काहीच कोरडे राहत नाही. धरणीमाय पाचामामेला तिचा घोट आधी, आपला नंतर. कक्षात वाफेचे नवे यंत्र बसले होते. त्यालाही रंगीत फिती बांधून वर बिअर शिंपडली. इथवर सारे रीतसर होते, हे मी ठामपणे सांगतो. परंतु आपले वीजतंत्री फोर्तुनातो (उठू नका, सारे ओळखतात) यांची भक्ती यंत्रापाशी थांबेना. फळीवर शस्त्रक्रियेच्या हत्यारांची कापडात बांधलेली गाठोडी होती. त्यांवरही त्यांनी बाटल्या रित्या केल्या.

"अहो, हे काय केलंत?" बाई कडाडल्या.

"मायच्या नजरेतून काही सुटायला नको, बाई!"

"तिच्या नजरेतून सुटाल, माझ्या नाही. व्हा बाहेर!"

नेमकी तेव्हाच माझी कन्या लेओकादिया प्रसूतीसाठी आली. मूल आडवे होते. पोट उघडावे लागणार होते. आणि कोरडे गाठोडे एकही उरले नव्हते.

मी म्हणालो, "बाई, वरून तर ओलं झालंय. आतलं स्वच्छच आहे ना? द्या की!"

"आबा, कापड भिजलं की जंतूंना आत वाट मिळते. नाही देणार."

"माझी पोर मरतेय हो!"

"म्हणूनच नाही देत."

अशा उत्तरावर बापाने काय करावे, आपणच सांगा. मी जे बोललो ते या व्यासपीठाला शोभणार नाही. बाईंनी माझ्याकडे पाठ फिरवून डॉक्टरांना विचारले, "थांबता येईल?"

"बाळाचे ठोके ठीक आहेत. पण भरभर हात चालवा, बाई."

त्यांनी एक गाठोडे सोडले. चिमट्यांचे, कात्र्यांचे सांधे उघडून ब्रशने घासले, धुतले, वेळ वाचावा म्हणून हत्यारे कापडात न बांधता तबकात उघडीच मांडली आणि यंत्राचे दार आवळले. बाहेर बँड वाजत होता. आम्ही यंत्राच्या दाबाच्या काट्याकडे डोळे लावून उभे.

"माय, वीज तेवढी घालवू नकोस," फोर्तुनातो पुटपुटले.

"तू आता तिच्याकडे काही मागू नकोस!" मी म्हणालो.

तबकातली खुणेची पट्टी काळी पडली, म्हणजे हत्यारे निर्जंतुक झाली, हे पाहूनच बाईंनी ते झाकून स्वतः आत नेले. काही वेळाने मूल रडले. तरीही माझा जीव भांड्यात पडला नाही. पुढे रोज मी लेओकादियाच्या कपाळाला हात लावत असे. ताप आला नाही. जखम चिघळली नाही. टाके निघाले त्या दिवशी मी बाजारात बसून मटणाचे सार वाडगेभर प्यालो, आणि दुसरे मागवले.

बाई, मी सहसा कोणाचे आभार मानत नाही. आज उभा राहून मानतो. बोलण्यात कोणाचा मान उणा राहिला असल्यास तो माझ्या अपुऱ्या शाळेच्या माथी मारावा, मनाच्या नव्हे.

वरील घटनेचे साक्षीदार, जे आज या सभागृहातही हजर आहेत: शल्यचिकित्सक डॉक्टर नेमेसिओ अरांसिबिया, वीजतंत्री फोर्तुनातो, माझी कन्या लेओकादिया, आणि तिचा मुलगा रोसेंदो, जो त्या मंगळवारी बासिलियाबाईंची परवानगी मिळताच या जगात उपस्थित झाला.