गाणी आत्तीची, नाव कुणाचं?

परवाचंच सांगतो. आमच्या गारगोटीच्या आत्तीची हळदीची गाणी मी मोबाईलवर रेकॉर्ड केलीती. आत्तीला घेऊन जोतिबाला जाताना तीच पेनड्राईव्हवरून गाडीत लावली.

आत्तीनं विचारलं, “स्क्रीनवर काय लिवलंय?”

“अननोन आर्टिस्ट.”

“ह्यो कोण रं? गाणी माझी आनि नाव त्येचं?”

“फायलीत गाणाऱ्याचं नाव भरलं न्हाई, की तसं येतंय, आत्ती.”

“मग भर की! थांबीव गाडी!”

गाडी कडेला घेतली, लॅपटॉप उघडला आणि प्रत्येक गाण्याच्या माहितीत मराठीत नाव भरलं. परत लावल्यावर स्क्रीनवर आलं ‘सोनाबाई’. आत्तीनं अक्षरांवरनं हळूच बोट फिरवलं, डोळं पुसलं आणि म्हणाली,

“काचा खाली घे, आवाज वाढीव आनि गाडी हळू चालीव. देव कुठं पळून जातोय?”