नव्या कॉम्प्युटरला जुनी पद्धत

हल्ली ऑफिसात कॉम्प्युटर अडला की पोरं हात बांधून बसतात. त्यांना पाहिलं की मला आमची नंदाताई आठवते.

मुरबाडच्या आमच्या साप्ताहिकात ती टायपिंग करायची. जुना कॉम्प्युटर एका दमात कधीच सुरू होत नसे. बटण लावायचं, लगेच बंद करायचं, पुन्हा लावायचं, हे तिचं रोजचं. मग नवा आला, दुकानदाराने जुन्यातला सगळा मजकूर त्यात भरला आणि दुसऱ्याच दिवशी तो सुरू होताना अडला. निळ्या पडद्यावर कसलीशी तपासणी चाले, पुढे काही नाही. म्हसा गावच्या जत्रेचा अंक आत अडकलेला. जत्रा उठल्यावर तो वाचणार कोण?

मी कल्याणच्या दुकानदाराला फोनवर झापलं. "डबडं गळ्यात मारलंस! आता तुझीच बातमी छापतो!"

बिचारा भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून आला. "ताई, लावून दाखवा."

ताईने लावलं, बंद केलं, पुन्हा लावलं. निळा पडदा आला, तसा तिचा हात परत बटणाकडे गेला.

"अहो, सारखं बंद का करता?" त्याने विचारलं.

"मंग? जुना त्याशिवाय जागा नाय व्हायचा. तुमीच बोललात ना, जुन्यातलं सगळं यात आणलंय?"

दुकानदाराने तिचा हात अडवला आणि मधेच बंद केल्याने दरवेळी नव्याने सुरू होणारी तपासणी पुरी होऊ दिली. अंक समोर आला. मग तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माफी हवी होती.

"बघतोस काय?" मी म्हणालो. "सगळं आणलं म्हणतोस, मग ताईची पद्धत कशी आणायची राहिली? काम अर्धवट केलंस. चहा पी आणि जा, बातमी छापत नाही."