तानीच्या डोक्यातला किडा

आमी मूळचे मेंढरंवाले. काय सांगू तुमाला, आबा म्हंजी माजे वडील, त्यांचा कळप एवढा की पुढचं मेंढरू केंदूरला पानी प्यायचं तवा मागलं यवतला आजून उठायचं असायचं. बहात्तरच्या दुष्काळानं ते समदं खाल्लं. मग केंदूरलाच बसलो, थोडी शेती, चार मेंढरं, आन् लेक शाळंत.

माजी लेक तानी. बोलाया लागली तर वकील गप बसंल, कळपातलं कंचंबी कोकरू बरोबर त्याच्या आईला लावनार, पन पुस्तक उघडलं की घाम. अक्षरं हालत्यात म्हनायची. आज शिकलेलं उद्या पुसलेलं. तिसरीत दोनदा नापास झाली तवा गुरुजी म्हनले, मामा, पोरगी ढ हाय, न्या घरी, मेंढरामागं धाडा.

आबा म्हनले, ढ कशानं? मेंढरू गरगर फिराया लागलं की त्याच्या डोक्यात किडा असतो, तसंच हिचं, कपाळाला डाग द्यायचा. सळई चुलीत घातली बी! माजी बायको दारात आडवी, म्हनली आदी मला डागा. तिचा आवाज पार शिरूरला गेला आसंल. सळई निवली आन् आमी चौघं एष्टीनं पुन्याच्या दवाखान्यात.

डाक्टरीनबाईंनी तानीला बोलतं केलं, वाचाया लावलं, मग इचारलं, घरात आजून कुनाचं असं? म्या म्हनलं माजं, म्या पयलीतनंच पळालो. माज्या बहिनीचं. आन् आबा तर गुरुजीला ढकलून पळालेले. बाई म्हनल्या, किडा न्हाई, अक्कल बी चांगली हाय. हे जल्मापासनं असतं, वंशातनं उतरतं, मेंदूत अक्षर आन् त्याचा आवाज ह्यांची जोडी जुळाया येळ लागतो. आबा इचारात पडले. मेंढ्याच्या कानावरचा ठिपका कोकरात उतरतो, हे त्यांनी जल्मभर बघितल्यालं. म्हनले, म्हंजी बाई, ह्यातला मेंढा मीच व्हय?

गोळी न्हाई, सुई न्हाई. एकेक अक्षर मोठं करून बोटानं गिरवायचं, तोंडानं त्याचा आवाज काढायचा, रोज थोडं थोडं, आन् पोरीवर वरडायचं न्हाई. बायकोनं लोकरीच्या सुताची अक्षरं पाटावर चिकटवली, तानी त्यावरनं बोट फिरवायची. गुरुजीस्नी बाईंचं म्हननं सांगितलं, तवा म्हनले बरं, बसू द्या आजून एक साल.

त्या साली पास झाली. आता चौथीत हाय, वाचती, पन बैलगाडीच्या चालीनं. परवा शिक्रापूरला एष्टी उभी, तानी गाडीवरची पाटी वाचाया लागली. कंडक्टर वरडला, मामा, चढा की! म्या म्हनलं थांबा, पोरगी वाचतीया. शि झालं, रू झालं, समदी गाडी खिडक्यांतनं बघतीया, डायवरनं इंजन बंद केलं. र झालं तवा म्या हात जोडले, म्हनलं जावा आता सुखानं, आमाला कुठंच जायाचं न्हाई.