चरखी वाजत होती का?

नाई काकाजी, तुमाले मोर्शीहून पुन्हा खेप पडली थे मले समजते – बसा, स्टुलावर बसा – पण चरखी आज भेटणार नाई. मासे धराच्या गळाची एवढी जुनी चरखी, पितळेची, तुमच्या वडलाच्या हातची. अशी घाईनं जोडून नाई देत मी. काय? मीच आज या म्हटलं होतं? म्हटलं असंन. आता हे पाहा – सारं खोललं, राकेलात धुतलं, शिलाई मशीनचं तेल देलं, अन् खोललं त्याच पाळीनं ताटात मांडलं. माह्या सासऱ्याची, किसनरावची, शिस्तच होती तशी – पहिलं निघालं थे पहिलं ठेवाचं, म्हणजे जोडतानी चुकत नाई. हे झाकण, हा पेच, ही स्प्रिंग… अन् अठी खाली जागा दिसते ना, अठी कुत्ता पायजे. सायकलच्या फ्रीव्हीलमधी असते तसा – चक्राच्या दात्याले अडकते अन् चरखी फिरवली का किर्रर्र वाजते. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, एका बाजूनं टोकदार. थो नाई.

म्हणून इचारून राह्यली – तुमी आणली तवा वाजत होती का? नाई, आळ नाई घेत तुमच्यावर. लोकं घरी पेचकस लावून पाह्यतात, बारीक जिनस सांडते, अन् मंग गुपचूप आणून देतात. तुमी नसंन खोललं, घरातल्या कोणी? आठवा. मी हातात घेतली तवा पोरगी रडत होती, मी फिरवून पाह्यलीच नाई. काढतानी कुत्ता होता का मंग? होता वाटते – नाई, नव्हताच वाटते – हात आपोआप चालतात ना, डोक्सं ठिकाणावर कुठं राह्यते.

सारं घर पाह्यलं. चटई झटकली, केरातली माती चाळणीनं चाळली, चुंबक फिरवलं – पितळेले काय चुंबक धरते, पण फिरवलं. माह्यी सासू, आत्याबाई, हासते, म्हणते, "येडी झाली वं, एका दाण्यासाठी घर उपसून राह्यली." तिले नाई सांगतलं मी. कोणालेच नाई सांगतलं.

काय नाई सांगतलं? काई नाई, जाऊ द्या. थे आतमधी झोळीत दीक्षा हाय, माह्यी पोरगी. घरघर आयकू येते तुमाले? सर्दी हाय. सासू म्हणते सर्दीच हाय, अन् दात येऊन राह्यले म्हणून लाळ गळते. काल सांजपासून घास घेत नाई – दूध घेते थोडंसं, थेबी वापस येते. दात येतानी लेकरं जेवतच नाईत, हो ना? तुमच्या घरी पाह्यलं असंन तुमी. हो ना?

मांगच्या महिन्यात फ्रॉकचं बटन दिसलं नाई तं मी तिले उचलून दवाखान्यात पळाली, पोटाचा फोटो काढाले लावला, अन् बटन निघालं गादीखाली. तवा माह्ये मालक – ललित, टेम्पो चालवतात, अकोल्याले गेले हायेत – म्हणे, "पुन्हा असा तमाशा केला तं साऱ्या चरख्या भंगारात. पोरगी सांभाळ नाई तं हे लोखंड सांभाळ." सासरे गेल्यावर हे काम मीच धरून ठेवलं, काकाजी. सातवीपर्यंतच शाळा झाली माह्यी, दुसरं काय येते मले? अन् काल सांजी त्यायचाच फोन आला होता. तेवढी पाठ फिरवली मी. ताट खालीच होतं, थे रांगत होती –

तुमी सांगा ना. आणतानीच कुत्ता नव्हता, तं सर्दीच हाय. मंग नवा घासून बसवून देते मी तुमाले, वडलाच्या चरखीले शोभंन असा.

काय? "नसंन वाजत, जाऊ द्या बाई"? नाई नाई, जाऊ द्या म्हणू नका. माह्या तोंडाकडं पाहून बोलू नका, मले राजी करू नका. खरं सांगा, काकाजी. वाटंनं फिरवली होती का तुमी?

…ऑटोत?

बस स्टँडपासून अठपर्यंत? अन् ऑटोवाला काय म्हणे? "बुढेबाबा, बंद करा थे किरकिर" – असं म्हणे थो? अठी, या दारापाशी?

आत्याबाई! झोळीतून काढा तिले. आडवी नका धरू, उभी धरा. पाणी नका पाजू – नका पाजू म्हटलं ना! काकाजी, तुमचा ऑटो उभा हाय का बाहेर, दवाखान्यात न्याले? नाई, तुमी नका येऊ. ताट पडू द्या, पडलं तं पडलं. उठा. दारातून सरका ना, काकाजी, सरका –