बाबाचा फोटो अन् पन्नासची लेन्स

आमी नवेगाव बांधचे ढिवर, मासे धरनारे. माहा बाप तलावात जारं फेकत मोठा झाला, त्याचा बापबी तसाच, अन् मी त्या घरची पोरगी कॅमेरा घेऊन लग्नायचे फोटो काढत फिरते. काय सांगू तुमाले भाऊ, लोकं पयले हासत, आता माही तारीख पाहून मुहूर्त धरतेत.

पन गंमत पाहा, सप्पा गावाचे फोटो काढले अन् घरच्यायचा एक नाई. माय गेली तं भिंतीवर लावाले फोटोच नोता, आधारकार्डावरचा मोठा करून आनला, त्याच्यात माय घाबरल्यासारखी दिसते, तसी नोती जी ते. अन् औंदा डॉक्टरनं बाबाले सांगतलं, गुडघे गेले, आता थंड्या पान्यात उतराचं नाई. बाबा म्हने एक डाव उतरतो अन् सोडतो. म्हनलं, बस, तेवढाच एक डाव मले भेटन, चुकला तं चुकला.

आता तलावाच्या पारीवर फोटो काढाले गेलं का मागं चिप्सचे पुडे, सहलीवाल्यायच्या गाड्या, सप्पा दिसते. मागचं धूसर पायजे, मानूस तेवढा उठून दिसला पायजे. मोबाईलवर करून पायलं, तं तो मागचं पुसता पुसता जाऱ्याचे धागेच खाऊन टाकते, ढिवराच्या हातात जारंच नाई! कॅमेऱ्यासंगं आलेल्या लेन्सनं तं धूसर होतच नाई. म्हनून गोंदियाले गेली. मोठी लांब लेन्स हातात घेतली, किंमत आयकली, हरूच ठेवून देली. दुकानदार भला मानूस, म्हने दीदी, ये पुरानी पन्नास एमएमवाली लेन्स ले जाओ, सस्ती है, पीछे का सब मक्खन कर देगी, बस झूम नहीं होता, पास जाना है तो खुद चलके जाना. म्हनलं पान्यात? म्हने हां, पानी में. देव भलं करो त्याचं.

मग काय, सकारी बाबा कमरेएवढ्या पान्यात अन् मी मांडीएवढ्या, कॅमेरा छातीशी. बाबानं जारं फेकलं, मोठा रोहू लागला. अन् आमच्या ढिवरायची सवय तुमाले ठाऊक नसन, फोटो म्हनलं का मासोरी हात लांब करून पुढं धरतेत, मोठी दिसाले. बाबानंबी धरली, मी काढला. पायते तं मासोरीचं खवलं न खवलं साफ अन् बाबाचं तोंड मागच्या झाडायसंगं धूसर! ह्या लेन्सचं तसंच हाय, जिथं नेम धरला तेवढंच साफ. बाबाले दाखवलं तं तो खुश, म्हने वा, मस्त आली मासोरी.

मी रडालेच लागली. म्हनलं बाबा, मले मासोरी नाई पायजे, तू पायजे. मग बाबानं मासोरी छातीशी धरली, लेकरावानी, अन् माह्याकडं पायलं. मी काढला, अन् तो आला, भाऊ. डोरे, पांढरी दाढी, खांद्यावरच्या जाऱ्याचा धागा न धागा, मागं नुसता हिरवा रंग.

फ्रेम करून आनली तं काकू म्हने, काऊन वो, जित्या मानसाचा फोटो कोनी भिंतीवर टांगते का, अपशकुन होते. बाबानं सोताच हातोडी घेतली. म्हने, मेल्यावर लावसान तं मी कसा पायनार?

आता बाबा रोज त्या फोटोच्याच खाली खाटेवर बसून लोकायचे जारे शिवून देते, मंधातच वर पायते अन् हासते. हासो बापा. मले देवानं लय देलं.